उभ्याची गाडी

दार लोटून घ्या रे. कडी नको, नुसतं लोटा. लाइट यायला अजून वेळ आहे, आणि तुम्हा कुणाला झोपही दिसत नाही, तर सांगतो. पण ही कुठे वाचलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो माझा दोस्त आहे, धडधाकट जिवंत आहे. उद्या त्याच्या गॅरेजात जाऊन विचारलंत तर हातातलं काम टाकून आत निघून जाईल, एक शब्द बोलणार नाही. म्हणून मी सांगतो.

त्याला सगळे पाना म्हणतात. खिशात कायम एक पाना असतो म्हणून. लग्नाच्या फोटोतसुद्धा नव्या कोऱ्या कोटाच्या खिशातून तो पाना डोकावतोय. माणूस अबोल. त्याला बोलायचा कंटाळा आणि त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनीला, गप्प बसायचा. त्यामुळे संसार झकास चाललेला. घराच्या पुढच्या खोलीत वहिनीचं शिवणकाम, मागच्या अंगाला ह्याचं गॅरेज. दिवसभर पुढून मशीनची घरघर आणि मागून हातोडीची ठोकठोक.

तर दोन वर्षांपूर्वी, पाऊस नुकता थांबलेला, पाना एका बंद पडलेल्या वीटभट्टीवर पाण्याचा पंप आणायला गेला. पंप होता, पण गंजून त्याचा भुगा झालेला. हात हलवत परत निघायचं, म्हणून जाता जाता मोकळं व्हायला भट्टीच्या मागे गेला, आणि तिथे वेलींच्या जंजाळात त्याला ती दिसली. गाडी. माल पोचवायची जुनी गाडी, आणि तिच्यात कोंबड्या नांदत होत्या.

पंप राहिला बाजूला. पाना संध्याकाळी ट्रॅक्टरला बांधून गाडीच घेऊन आला. वहिनी दारात उभी. म्हणाली, "अहो, पंप आणायला पाठवलं होतं. हे काय आणलंत, कोंबड्यांचं खुराडं?"

पाना म्हणाला, "हिला सीट नाही."

"मोडली असेल."

"मोडली नाही. नव्हतीच कधी."

आणि खरंच नव्हती. मी स्वतः पाहिली ना ती गाडी. मोठ्या पेटीला चाकं लावावीत तशी दिसायला. दोन्ही बाजू उघड्या, दारं नाहीत. जमीन इतकी खाली की पायरी चढल्यासारखं सहज आत जावं. मागे लाकडी फळ्यांचे कप्पे. आणि चालवायची उभं राहून! गोल चाकाच्या जागी एक आडवा दांडा, त्याच दांड्याला पेट्रोल कमीजास्त करायची मूठ, आणि पायाशी एकच पेडल. ते निम्मं दाबलं की क्लच, पूर्ण दाबलं की ब्रेक. एवढा जुना मेकॅनिक पाना, पण अशी गाडी त्याने जन्मात पाहिली नव्हती. कंपनीचं नाव कुठे नाही. इंजिनावरची पट्टी कुणीतरी काढून घेतलेली, नुसती चार भोकं उरलेली.

माणसाला एखादा नाद लागतो ना, तसा पान्याला तिचा लागला. दुसऱ्यांच्या गाड्या अंगणात ताटकळत, आणि हा हिच्या पोटाखाली. महिन्याभरात इंजिन बोलायला लागलं. मग कुणीतरी कानावर घातलं की मोठ्या गावात नोव्हेंबरअखेरच्या रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतंय. पाना जाऊन आला. ते म्हणाले, गाडी आणा, आनंदाने आणा, पण प्रत्येक गाडीपुढे पाटी लावावी लागते. कुठली, कुणाची, काय काम करायची.

आता हे विचारत हिंडणार कोण? वहिनी. तिने मशीनवर कापड झाकलं, पान्याच्या स्कूटरवर मागे बसली, आणि दोघांनी शोध सुरू केला.

आधी पान्याने गाडीच्या अंगावरचा रंग घासून पाहिला. वर भट्टीचा लाल, त्याखाली निळा. निळ्यात अक्षरं निघाली, एका धुलाईवाल्याची. निळ्याखाली फिकट पिवळा, आणि त्यावर अक्षर एकही नाही, फक्त पावाचं चित्र. वाफा निघताहेत असं गरमागरम.

धुलाईवाल्याचं दुकान अजून होतं. गादीवर त्याचा मुलगा, तोही साठीचा. वहिनीने गाडीचं वर्णन केलं तशी त्याने हातातली इस्त्री उभी ठेवली.

"मिळाली तुम्हाला? अजून आहे?"

"आहे की. सुरूसुद्धा होते."

"बाबांनी एकच हंगाम वापरली," तो म्हणाला. "रात्री तिच्या चाकांना दगड लावायचो आम्ही. चांगले मोठे, दोन हातांनी उचलायचे. सकाळी बघावं तर दगड बाजूला, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी."

"उतार असेल," पाना म्हणाला.

"चढ आहे हो. आमची गल्ली चढाची आहे." मग त्याने इस्त्री पुन्हा उचलली. "पुढचं बेकरीवाल्यांना विचारा. गाडी त्यांची. म्हातारी आहे अजून."

म्हातारी म्हणजे बेकरीवाल्याची मुलगी. आता ती स्वतःच पणजी झालेली, पण डोकं लख्ख. बेकरी कधीच बंद पडली होती. खालच्या मजल्यावर कुणी मोबाइल विकत होतं आणि वर ही रेडिओ मोठ्याने लावून बसलेली. वहिनीने आपल्या फोनमधला गाडीचा फोटो दाखवला. म्हातारीने रेडिओ बंद केला.

"उभ्याची गाडी," ती म्हणाली.

उभ्या म्हणजे चालवणारा. उभ्याने चालवायचा म्हणून उभ्या. खरं नाव म्हातारीलाही आठवत नव्हतं. ती गाडी तिच्या वडिलांनी परदेशातून मागवली होती, दारोदार पाव पोचवायला. आणि उभ्याने तिला असं काही वळण लावलं होतं की लोक बघायला उभे राहत. पहिल्या गिअरमध्ये टाकायची, मूठ जराशी उघडी ठेवायची आणि स्वतः उतरून जायचं. पाव काखेत घेऊन हा घराच्या पायरीवर, आणि गाडी आपली मुंगीच्या चालीने पुढच्या घराकडे. मालकामागून गाय येते तशी. हा परत आला की चालत्या गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारायचा आणि दुसऱ्या बाजूने चढायचा.

"आणि तुम्हाला सांगते," म्हातारी म्हणाली, "एक दिवस चुकला नाही. ताप असो, पूर असो, पाव दारात."

वहिनीने विचारलं, "मग सोडली का त्याने नोकरी?"

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. "सोडली कुठे?"

धुक्याची सकाळ होती, म्हणाली. उभ्या निघाला, आणि फेरीच्या सुरुवातीलाच एका घराच्या पायरीवर बसला तो बसलाच. छातीत कळ. घरच्यांनी दार उघडलं तेव्हा तो गार पडला होता. मांडीवर त्यांचा पाव. आणि गाडी… गाडी धुक्यात पुढे निघून गेलेली.

"सापडली कुठे?"

"जुन्या रस्त्याला, शेवटच्या उताराच्या अलीकडे. पेट्रोल संपून उभी. आत एकच पाव शिल्लक." म्हातारीने पदराने चष्मा पुसला. "बाबा प्रत्येक घरी विचारून आले. सगळ्यांना पाव मिळाला होता. वेळेवर. कुणी दिला, कुणीच बघितलं नाही. राहिलं फक्त शेवटचं घर, उताराखालचं. तिथली बाई दुपारी बेकरीवर विचारायला आली होती, आज उभ्या आला कसा नाही म्हणून."

जिना उतरताना पाना गप्प होता, म्हणजे तो नेहमीच गप्प असतो. वहिनीसुद्धा गप्प होती, हे मात्र नवीन. पण रस्त्यावर आल्यावर तिचा मूळ स्वभाव परत आला. म्हणाली, "काही का असेना, पाटीला मजकूर मिळाला."

आता त्या रात्रीचं ऐका. नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती; अर्धा चंद्र होता, पण मध्यरात्रीनंतर उगवणारा. जेवणं उरकली आणि पाना म्हणाला, एकदा लांबवर चालवून बघायला हवी, मागच्या ॲक्सलमधून खटखट येतेय. गाडीला कागदपत्रं नाहीत, तेव्हा हमरस्त्यावर न्यायची सोय नाही. न्यायची कुठे?

वहिनी म्हणाली, "जुन्या रस्त्याला नेऊ की. तिचाच रस्ता. तिलाही ओळख पटेल."

गंमत म्हणून म्हणाली हो. थट्टेत.

जुना रस्ता तुम्हाला माहीत आहे. नवा झाल्यापासून तिकडे चिटपाखरू फिरकत नाही. दोन्ही बाजूंना पडकी घरं, पायऱ्या आणि उंबरे तेवढे उरलेले. आणि पुढे… पुढे तो उतार, जो सरळ धरणाच्या पाण्यात जातो. पान्याने ठरवलं होतं, उताराच्या बरंच अलीकडे जुन्या पंपघरापाशी गाडी वळवायची.

गेले. गाडी कशी चालली म्हणता, लोण्यातून सुरी! पंपघर लांब असतानाच पान्याने पहिला गिअर टाकला आणि दांडा वहिनीच्या हातात दिला. "सरळ धर. मी खाली चालत ॲक्सल ऐकतो. थांबवायची झाली तर पेडल पूर्ण दाब." वहिनीने आधी अंगणात दोन-चारदा चालवली होती. म्हणाली, "जा तुम्ही. मला काय शिकवता."

पाना टॉर्च घेऊन उतरला. गाडी मुंगीच्या चालीने पुढे, हा डाव्या अंगाने मागच्या चाकाजवळ. रात्र गार होती. इंजिनाची लय लागलेली. खट… खट… येत होती ॲक्सलमधून. तो कान देऊन चालला होता.

गाडी थांबली.

"का गं थांबवलीस?"

"मी कुठे थांबवली?" आतून वहिनी. "तुम्हीच काहीतरी केलंत ना मागे?"

पान्याने डावीकडे टॉर्च मारला. एका पडक्या घराची पायरी. पुढे काही नाही. गवत.

आणि पत्र्यावर थाप पडली. दोनदा.

गाडी चालायला लागली.

पान्याला वाटलं, वहिनीनेच मारली. थट्टा करतेय. तिला सवयच आहे. तो चालत राहिला. पुढच्या घराशी गाडी पुन्हा थांबली. पुन्हा पायरी. पुन्हा दोन थापा. आता त्याला राग आला. ॲक्सल बघावा म्हणून तो वाकला आणि टॉर्च गाडीखाली धरला…

पलीकडच्या बाजूने पाय चालत होते.

दोन पाय. बुटातले. गाडीच्या बरोबरीने.

"अगं, चालती गाडी सोडून खाली काय उतरलीस!" तो ओरडला.

"मी कुठे उतरले?"

आवाज आतून आला. वरून. दांड्यापासून.

पाना तसाच वाकलेला. पाय दोन पावलं चालले. मग एक उचलला गेला. मग दुसरा. गाडी त्या बाजूला किंचित कलली. स्प्रिंगचे पाटे करकरले.

कुणीतरी वर चढलं होतं.

त्याने पळायला पाहिजे होतं.  पण तो उठेउठेपर्यंत गाडी लांब गेली होती. आणि आता ती मुंगीच्या चालीने चालली नव्हती. पंपघर गेलं… मागे पडलं. उतार सुरू झाला.

पाना धावत सुटला. पन्नाशीचा माणूस, धाप लागलेली, टॉर्चचा उजेड नुसता नाचतोय. आणि इंजिनाच्या आवाजातून त्याला ऐकू आलं. वहिनी बोलत होती. हसत होती.

"…आलात होय वर? बरं झालं. मला एकटीला भीती वाटायला लागली होती बाई. कसला वास येतोय हो, भाजल्यासारखा? छान आहे… अगंबाई! हात किती गार पडलेत तुमचे!"

 पान्याने धावता धावताच हाक मारली. 

"अगं… मी मागे आहे!"

आतलं बोलणं थांबलं.

"मी मागे आहे! इथे! उडी मार!"



मग वहिनीचा आवाज आला. बारीक. लहान मुलीसारखा.

"अहो… मग माझ्या शेजारी…"



पाना जिवाच्या आकांताने धावला. गाठली. मागचा खांब धरला, फरफटला, पाय टाकला आणि आत आला. आत काळोख. वहिनी दांड्यापाशी ताठ उभी. तिच्या उजव्या अंगाला काही दिसत नव्हतं. पण तिथे काहीच नाही असंही नव्हतं. तिथला काळोख… जरा जास्त होता. पान्याने तिला कमरेला धरून ओढलं. ती हलली नाही.

"हात…" ती म्हणाली. "हात सुटत नाहीत. वरून धरलेत…"

पान्याने पेडलवर पाय दिला. पूर्ण. सगळा भार टाकला. पेडल खाली गेलंच नाही. जसा खालून कुणी पाय लावलाय. पुढे पाणी दिसायला लागलं. काळं. सपाट. रस्ता त्याच्यात शिरत होता आणि गाडी रस्त्याने निघाली होती. पुढची चाकं पाण्यात गेली. फस्सकन आवाज झाला. पाणी चाकाच्या मधल्या तुंब्याला लागलं. अजून पुढे…

आणि हा अबोल माणूस, पोरांनो, जो बायकोशी दिवसाला चार वाक्यं बोलत नाही, तो त्या काळोखाशी बोलला.

"उभ्या," तो म्हणाला. "दादा. ऐक. ते घर गेलं."

गाडी चालतच होती.

"धरण झालं रे. उताराखालचं सगळं गाव उठलं. घर पाण्यात आहे. कुणी नाही तिथे. तुझी वाट बघणारं कुणी नाही राहिलं. तुझं काम झालं, दादा. एक दिवस चुकला नाहीस तू, म्हातारीनं सांगितलंय आम्हाला. ही माझी बायको आहे. हिला सोड."

इंजिन बंद पडलं.

एकदम. जसा कुणी गळा दाबला.

शांत… पाणी चाकांवर चुबुक चुबुक वाजत होतं, तेवढंच. कुणी हललं नाही. पाना नाही, वहिनी नाही. तिसरंही… नाही. किती वेळ, ते त्याला आजही सांगता येत नाही.

मग गाडी उजव्या बाजूने उचलली गेली. हलकी झाली. माणूस उतरतो तेव्हा होते तशी.

पाण्यात पाऊल पडलं.

दुसरं.

तिसरं. सावकाश. पुढे पुढे, खोल पाण्याकडे. पाणी गुडघ्याला लागलं की चालण्याचा आवाज बदलतो ना… तसा बदलला. मग कमरेला. मग…

मग काही नाही.

वहिनीचे हात सुटले. ती मटकन खाली बसली. पान्याने तिला पाठुंगळी घेतलं आणि उतार चढून, तो सगळा रस्ता पायी, घरी आणलं. मागे वळून बघितलं नाही. घरी आल्यावर तिच्या हातांवर गरम पाणी ओतलं. दोन्ही हातांच्या मागे बोटांचे निळे वळ होते. आठ दिवसांत गेले ते. वहिनी आता ठीक आहे, शिवते, बोलते. पूर्वीइतकं नाही, पण बोलते.

प्रदर्शन झालं. ह्यांची जागा रिकामी राहिली.

त्याच दिवशी सकाळी पान्याने मला उठवलं. म्हणाला, ट्रॅक्टर घे, गाडी काढायचीय. वाटेत त्याने मला हे सगळं सांगितलं. सलग इतकं बोलताना मी त्याला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मी वरवर हूं हूं करत होतो. मनात म्हटलं, अंधार, थकवा, म्हातारीची गोष्ट डोक्यात. होतं असं माणसाचं.

गाडी तशीच होती, पुढची चाकं पाण्यात. रात्रीत पाणी थोडं ओसरलेलं, त्यामुळे काठचा चिखल उघडा पडला होता. मऊ, गुळगुळीत, नुसतं बोट फिरवलं तरी उमटेल असा. मी मुद्दाम उजव्या बाजूला गेलो. म्हटलं, इथून कुणी पाण्यात गेलं असेल तर बुटाचे ठसे असायला हवेत.

बुटाचा एकही ठसा नव्हता. मी हसलो. पान्याला हाक मारणार, तेवढ्यात मला दुसरे ठसे दिसले.

अनवाणी. लहान, बाईमाणसाचे असावेत तसे. पाण्यातून निघालेले, एकामागे एक, सरळ गाडीच्या पायरीपर्यंत. टाचा पाण्याकडे, बोटं गाडीकडे.

मी सगळा काठ शोधला. दोन्ही अंगांनी, गाडीच्या मागे, पार वरच्या कोरड्या रस्त्यापर्यंत.

परत जाणारे ठसे कुठेच नव्हते.